पाच दिवसांची रजा, दुखरी पाठ आणि हाताला कुठलंच कसब नाही. पूरग्रस्तांसाठी परत जाऊ का?

खतावणी

नमस्कार. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

मी हिशेब लिहिणारा माणूस. वय ४४. गेल्या महिन्यात पुराचं पाणी ओसरलं आणि सहाव्या दिवशी आम्ही अकरा जण एका ट्रकबरोबर मदतीला गेलो. चार दिवस राहिलो. परत आल्यावर सगळ्यांनी पाठ थोपटली. मला मात्र तेव्हापासून काहीतरी टोचतंय.

पहिल्या दिवशी ब्लँकेटं वाटली. वाटली म्हणजे काय, ट्रकचा फाळका पाडला आणि लोक तुटून पडले. पुढे दणकट पोरं, मागे म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या. वीस मिनिटांत ट्रक रिकामा. एक ब्लँकेट मी बाजूला काढून ठेवलं होतं, कडेवर मूल घेऊन मागे उभ्या असलेल्या एका बाईसाठी. मोठ्या ऐटीत नेऊन दिलं. ती म्हणाली, "दादा, हे तिसरं. घरात गुडघाभर गाळ आहे, तो काढायला आलंय का कोणी?" मी म्हटलं, विचारून सांगतो. कोणाला विचारणार होतो, देव जाणे.

दुसरा दिवस कपडे निवडण्यात गेला. निवाऱ्याच्या व्हरांड्यात छातीएवढा ढीग होता. ओल धरलेले सदरे, जोडीदार हरवलेले बूट, आणि खोटं वाटेल, पण एक पोहण्याचा पोशाख. पूरग्रस्तांना! आधी आम्ही सगळे हसलो, मग कोणीच हसेना. संध्याकाळपर्यंत ढिगाचा जेमतेम चौथा हिस्सा वापरण्याजोगा निघाला.

तिसऱ्या दिवशी फावडं धरलं. दोन तासांत पाठ धरली आणि उरलेला दिवस मी सतरंजीवर. मला पाणी आणून द्यायला निवाऱ्यातलीच एक मुलगी येत होती. म्हणजे कोण कोणाची सेवा करतंय ते बघा.

चौथ्या दिवशी म्होरक्याने माझ्या हातात वही दिली. कुटुंबाचं नाव, माणसं किती, काय हवंय. हे काम मला जमलं. ५३ कुटुंबं लिहिली. त्यात एक आजोबा होते. चष्मा पुरात गेला, डॉक्टरांची चिठ्ठी गेली, रक्तदाबाची गोळी "पांढरी, बारकी" एवढंच त्यांना आठवत होतं. मी म्हटलं, "उद्या बघतो." आणि त्याच संध्याकाळी आमचा ट्रक परत निघाला. वही कोणाच्या ताब्यात द्यायची हे ठरलेलंच नव्हतं. ती माझ्या पिशवीतून घरी आली. आत्ता हे लिहितोय तेव्हा टेबलावर समोर आहे.

दहा दिवसांनी आमचा गट परत निघतोय. मला पाच दिवस रजा मिळेल. जाऊ? की त्याच पैशांची मदत पाठवू? आणि गेलोच तर काय करू? बोचेल असं बोललात तरी चालेल.

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण पैसे पाठवा आणि घरी बसा. अकरा माणसं म्हणजे अकरा तोंडं, अकरा अंथरुणं आणि शौचालयाच्या रांगेत आणखी अकरा जण. जिथे आधीच सगळ्याची टंचाई, तिथे तुम्ही पाहुणे म्हणून जाता.

मदतीला गेलेल्यांमुळे काय होऊ शकतं याचं सगळ्यात भयंकर उदाहरण हैतीचं. भूकंप झाला १२ जानेवारी २०१० ला. कॉलरा आला त्याच वर्षी ऑक्टोबरात, आणि तो भूकंपाने आणलेला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरची घाण नदीच्या पाण्यात गेली आणि तिथून साथ पसरली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांना आपला वाटा कबूल करायला २०१६ उजाडलं. हे तर शिस्तीतले सैनिक होते. तुमच्या ट्रकमध्ये कोण होतं?

तुरटी

स्पष्टवक्ते, तुमचं अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी लिहितो.

खतावणी, माझी सगळी नोकरी पाण्यात गेली, म्हणजे पाणीपुरवठ्यात. आपत्तीनंतरच्या छावण्यांवर आठ-दहा वेळा तरी राबलोय. आधी वहीचं बोलू. ती दहा दिवस टेबलावर ठेवू नका. आज पानांचे फोटो काढा आणि तो निवारा जे चालवतात त्यांच्यापैकी एकाच माणसाला पाठवा. गटाच्या चर्चेत टाकू नका. त्यात लोकांची नावं आहेत, आजार आहेत, कोणती बाई एकटी राहते तेही असेल. ती चव्हाट्यावर आणायची गोष्ट नाही.

आता तुम्ही काय करू शकता ते. तुम्हाला आकडे लिहिता येतात आणि आळस न करता रोज लिहिता येतात. हे कसब नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला? मला प्रत्येक छावणीवर असा एक माणूस हवा असायचा आणि दर वेळी मिळायची ती छायाचित्रं काढणारी मंडळी.

पुरानंतर माणसं पाण्यामुळे मरत नाहीत असं वाटतं, कारण पाणी ओसरलेलं असतं. पण विहिरीत, टाकीत, नळात मैला शिरलेला असतो. क्लोरीन घातला म्हणून पाणी शुद्ध होत नाही. तो घालून अर्धा तास गेल्यावर पाण्यात किती शिल्लक आहे ते बघावं लागतं. नळाशी ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम दर लिटरला मिळायला हवा. कमी आला तर उपयोग नाही, फार जास्त झाला तर लोक वास येतो म्हणून ते पाणी टाकून ओढ्याचं आणतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मात्रा ठरवायची रीत सोपी आहे. ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर साधारण ३० ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात कालवायची, साका खाली बसू द्यायचा, वरची निवळी म्हणजे तुमचं एक टक्क्याचं द्रावण. वीस-वीस लिटरच्या चार बादल्या घ्यायच्या, त्यांत सुईशिवायच्या सिरिंजने अनुक्रमे एक, दीड, दोन आणि अडीच मिलिलिटर घालायचं, ढवळायचं आणि घड्याळ लावून अर्धा तास थांबायचं. मग डीपीडीची, म्हणजे क्लोरीन तपासायची, गोळी टाकून गुलाबी रंग किती चढतो ते तक्त्याशी ताडायचं. ज्या बादलीत ०.२ ते ०.५ उरला, ते तुमचं प्रमाण. त्यावरून टाकीचा हिशेब त्रैराशिकाने. पाणी गढूळ असेल तर मात्र आधी तुरटी फिरवून निवळून घ्या, नाहीतर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू मोकळे.

हे एकदा करून भागत नाही. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक नळावर, नोंद ठेवून. कंटाळवाणं काम आहे, पाठ लागत नाही, वही लागते. तिथे पाण्याचं काम बघणारं कोणी असेलच, त्यांच्या हाताखाली जा आणि हे मला द्या म्हणून मागा. परस्पर काही घालत बसू नका.

आणखी दोन गोष्टी, मग थांबतो. एक, विहीर साफ करायला कोणी उत्साहाने पंप लावून एका दमात उपसू लागलं तर अडवा. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते, आतलं पाणी एकदम गेलं की कठडा आत येतो. दोन, तुमच्या पाठीचं. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत चार इंच ओला गाळ म्हणजे दीड टनाच्या घरात वजन. वीस किलोचं घमेलं धरलं तर पंचाहत्तर घमेली. त्या बाईने सांगितलेला गुडघाभर गाळ म्हणजे याच्या चौपट-पाचपट. तेव्हा दोन तासांत पाठ गेली याची लाज वाटून घेऊ नका. गाळ माणसांच्या साखळीने काढायचा असतो, घमेली हातोहात देत, आणि दर वीस मिनिटांनी जागा बदलत. गमबूट आणि हातमोज्यांशिवाय एकानेही उतरायचं नाही. धनुर्वाताची सुई घेतलीये का? पायाला चीर असेल तर उंदरांच्या मुतातला लेप्टो तिथूनच शिरतो. तुमच्या गटातल्या कोणी याची चौकशी केली होती का, मला शंका आहे.

खतावणी

तुरटीकाका, फोटो काढले, पाठवले. निवारा सांभाळणाऱ्यांचा फोन लागायला दोन दिवस गेले पण लागला. त्या म्हणाल्या, "अशा चार वह्या फिरतायत, तुमची पाचवी." धनुर्वाताचं कोणीच विचारलं नव्हतं. मी तर चपला घालून गाळात उतरलो होतो.

उंबरठा

मी दुसऱ्या बाजूची आहे. भूकंपात आमचं घर गेलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सात महिने तंबूत काढले. त्यामुळे जे लिहितेय ते कडू लागलं तर लागू दे.

पहिल्या पंधरवड्यात जत्रा असते. दिवसाला पाच गाड्या. प्रत्येक गाडीतला माणूस तेच विचारतो: नाव काय, घरात किती, कोण गेलं? कोण गेलं हे मी एका आठवड्यात नऊ वेळा सांगितलं. दहाव्यांदा मी खोटं सांगितलं, सगळे जिवंत आहेत म्हणून. तो माणूस चटकन पुढच्या तंबूकडे वळला, तेव्हा कळलं की त्याला काय हवं होतं.

फोटो. माझा एक फोटो कुठेतरी छापून आलाय. हातात कोणीतरी दिलेली पिशवी, केस पिंजारलेले. विचारलं नव्हतं.

कपड्यांचं तुम्ही लिहिलंतच. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असेच जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर पडून होते. 'गूंज' या संस्थेने ते उचलून नेले आणि त्यातल्या सुती कापडाचे पाळीसाठी पॅड शिवले. हे मी फार नंतर वाचलं आणि हसू आलं, कारण तंबूत आम्हाला नेमकं तेच हवं होतं आणि मागायची सोय नव्हती. वाटणारे सगळे बाप्ये. मला त्या सात महिन्यांत ज्यांचा उपयोग झाला त्या गोष्टी सांगू? झाकणाची बादली. नवे आतले कपडे, मापाचे. शौचालयापाशी लावलेला एक दिवा. तो दिवा लागेपर्यंत आम्ही बायका दुपारी चारनंतर पाणी पीत नव्हतो, अंधारात जायला लागू नये म्हणून. पुढे आपत्तीतल्या मदतीसाठीची 'स्फिअर'ची आंतरराष्ट्रीय मानकं वाचली, त्यात वीस माणसांमागे एक शौचालय आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट असं लिहिलंय. आमच्याकडे दोन होती, शेजारी शेजारी, कड्या आतून न लागणारी.

आणि एक माणूस आठवतो. दुसऱ्या महिन्यात, गाड्या बंद झाल्यावर आला होता. बाकडं टाकून बसायचा आणि नुकसानीचे अर्ज भरून द्यायचा. त्याचं अक्षर चांगलं होतं. बोलायचा फारसा नाही. अर्ज नाकारला गेला तर पुन्हा लिहायचा. तीन आठवडे होता. त्याचं नाव मला माहीत नाही.

खतावणी, हातात वही असलेला माणूस तुम्हीच ना?

ता. क.: आम्ही तंबूतले लोक लुळे नव्हतो. दिवसभर बसून वेड लागायची पाळी येते. सतरंजीवर झोपलेल्या तुम्हाला पाणी देणाऱ्या त्या मुलीबद्दल वाईट वाटून घेऊ नका. तिचा तो दिवस बरा गेला असेल.

मधमाशी

उंबरठाताईंच्या प्रतिसादाला +१.

जत्रेवरून आठवलं. १७ जानेवारी १९९५ ला जपानमध्ये कोबेला भूकंप झाला, ६,४०० हून जास्त लोक गेले. देशभरातून दहा लाखांवर माणसं मदतीला आली, त्या वर्षाला तिकडे स्वयंसेवेचं पहिलं वर्ष म्हणतात. पण सुरुवातीला हाच गोंधळ. माणसं खूप, काम कोणाला कोणतं द्यायचं ते कोणालाच ठाऊक नाही. त्यातून पुढे तिकडे पद्धत बसली. आपत्ती आली की तिथली समाजकल्याण परिषद स्वयंसेवक केंद्र उघडते. आधी घरोघरच्या लोकांनी आपलं काम सांगायचं: गाळ काढायचाय, कपाट हलवायचंय, ओल्या गाद्या बाहेर न्यायच्यात. त्याच्या चिठ्ठ्या होतात. आलेला स्वयंसेवक केंद्रावर नाव नोंदवतो, विमा उतरवलेला असतो, आणि त्याला एक चिठ्ठी मिळते. ते काम करायचं, परत येऊन झालं की नाही ते सांगायचं.

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला २०१० आणि २०११ च्या भूकंपांत जमिनीतून गाळ वर आला होता. तो उपसायला विद्यार्थ्यांच्या फौजा उतरल्या. त्यांच्याजवळही खास कसब काही नव्हतं, फावडी होती आणि आज कोणत्या गल्लीत जायचं ते सांगणारं कोणीतरी होतं.

तुमच्या ट्रकची चूक ब्लँकेटं नेण्यात नव्हती. चिठ्ठीच्या आधी ट्रक निघाला, एवढीच.

खतावणी

मधमाशी, हे वाचून रात्री दहा वाजता वही पुन्हा उघडली. आमच्या धंद्यात खात्याला दोन बाजू असतात. माझ्या वहीत मी लोकांची नावं लिहिली खरी, पण आमच्या म्होरक्याने डोक्यावर तीन रकाने आधीच आखून दिले होते: ब्लँकेट, कपडे, शिधा. आणि मी त्यात खुणा करत गेलो. म्हणजे "काय हवंय" या नावाखाली मी "आमच्या ट्रकमध्ये काय आहे" तेच विचारत होतो. आजोबांचा चष्मा समासात लिहिलाय, बारीक अक्षरात, कारण त्याला रकानाच नव्हता. समासात आणखी काय काय आहे ते आता पाहिलं. "गाळ" बावीस ठिकाणी. "कुलूप" चार ठिकाणी. एका ठिकाणी "दाताची कवळी". एका ठिकाणी नुसतं "बहिणीला फोन".

चाळीस मिनिटं नुसता बसून होतो.

उंबरठाताई, हो, वही असलेला माणूस मीच.

आजोबांसमोर परत कोणत्या तोंडाने उभा राहू, हे मात्र कोणीतरी सांगा.

अबोली

मी परिचारिका, आता निवृत्त. आजोबांचं मी घेते.

गोळी पांढरी बारकी म्हणून अंदाजाने कुठलीही नेऊ नका, हे आधी. जवळच्या वैद्यकीय पथकाकडे त्यांना चालवत न्या, रक्तदाब मोजू दे, ते ठरवतील. तुमचं काम हात धरून नेण्याचं आहे. त्यात कमीपणा नाही. संकटातल्या माणसाला मानसिक प्रथमोपचार कसा द्यावा याची जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची एक पुस्तिका आहे, तिचा सगळा गाभा तीन शब्दांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या. तिसऱ्या शब्दाकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. ऐकणारे खूप येतात. जोडून देणारे, म्हणजे हा माणूस आता कोणाकडे गेला पाहिजे ते शोधून त्याला तिथवर पोचवणारे, फार थोडे.

आजोबांना काय सांगायचं? "मी उद्या म्हणालो होतो, आलो नाही. माझं चुकलं." इतकंच. कारणं नकोत. ट्रक निघाला वगैरे त्यांना काय करायचंय? आणि पुढे एकही "उद्या" तोंडातून काढू नका, जोवर उद्या तुम्ही तिथे असाल आणि ते तुमच्या हातात असेल असं नाही. "माहीत नाही, विचारून संध्याकाळी पाचला इथेच सांगतो" म्हणा आणि पाचला उत्तर मिळालेलं नसलं तरी जा, मिळालं नाही हे सांगायला.

कोणी बोलू लागलं तर ऐका. बोलत नसेल तर उकरू नका. मन मोकळं करा, सगळं सांगून टाका असा आग्रह धरल्याने माणूस बरा होतो ही समजूत चुकीची आहे, उलट त्रास होऊ शकतो. "जीव वाचला हे काय कमी आहे" हे वाक्य तर घरीच ठेवून जा. ज्याचं कोणी गेलंय त्याला ते शिवीसारखं लागतं.

आणि तुमच्या गटात कोणी लहान बाळांसाठी दुधाची पावडर गोळा करत असेल तर थांबवा. २००६ मध्ये इंडोनेशियात योग्याकार्ताला भूकंप झाला, त्यानंतर अशी पावडर सढळ हाताने वाटली गेली. ज्या बाळांना ती मिळाली त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. पाणी खराब, बाटली उकळायला इंधन नाही, दुसरं काय होणार? ज्या बाळाला खरंच गरज आहे त्याचं पथकातले डॉक्टर बघतील. अंगावर पाजणाऱ्या आईला बसायला आडोसा आणि प्यायला पाणी द्या, बाळाला तेच पोचतं.

स्पष्टवक्ता

मी अजूनही म्हणतो पैसे पाठवा. पण वही घेऊन जात असाल तर जा. ट्रक नेऊ नका.

खतावणी

परत येऊन तीन दिवस झाले. वृत्तांत देतो, तुमचं देणं आहे ते.

ट्रक नेला नाही म्हटल्यावर अकराचे सहा झालो. पाच जणांना रिकाम्या हाताने जाणं पटेना. रिकाम्या हाताने गेलो नव्हतो, निवाऱ्याच्या बाईंना आधी फोन करून विचारलं होतं. त्यांनी सांगितलेलं नेलं: घमेली, फावडी, गमबूट, झाकणाच्या बादल्या, वाचायच्या चष्म्यांची पेटी, बॅटऱ्या. आणि सहाही जण सुई टोचून.

पाचही वह्या एका ठिकाणी मांडून बसलो. माझ्या ५३ कुटुंबांपैकी १७ निवारा सोडून नातेवाइकांकडे गेली होती आणि ५ मी दोनदा लिहिली होती (एकदा नवऱ्याच्या नावाने, एकदा बायकोच्या. हिशेबनीस म्हणवतो स्वतःला). राहिली ३१. ट्रकचे रकाने काढून टाकले. आता एका ओळीत एक काम: कोणी सांगितलं, कुठे, कोण गेलं, झालं का. चार दिवसांत नऊ घरं गाळातून मोकळी झाली. साखळी करून, वीस मिनिटांनी जागा बदलत. साखळीत आम्ही सहा आणि निवाऱ्यातली चौदा-पंधरा माणसं. मी घमेल्याला हात लावला नाही. मी घड्याळ धरून ओरडत होतो.

ती तिसऱ्या ब्लँकेटवाली बाई भेटली. तिचं घर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आधीच साफ केलं होतं. कसं, ते ऐका. ब्लँकेट जमिनीवर पसरायचं, त्यावर गाळ ओढायचा, चौघांनी चार कोपरे धरायचे आणि फरफटत उंबऱ्याबाहेर. आमची तिन्ही ब्लँकेटं त्यात फाटली. "चांगली जाड होती," म्हणाली.

आजोबा. मी अबोलीताईंचं वाक्य पाठ करून गेलो होतो. समोर बसलो, म्हटलं, मी उद्या येतो म्हणालो होतो, आलो नाही, माझं चुकलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोणत्या ट्रकवाले?" म्हटलं, वहीवाला. तर म्हणाले, "वहीवाले चार झाले." त्यांना मी अजिबात आठवत नव्हतो. महिनाभर मी ज्याची बोच घेऊन फिरत होतो, ते त्यांच्या गावीही नव्हतं. बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाहीये. गोळ्या त्यांना वैद्यकीय पथकाकडून मिळाल्या होत्या. चष्मा नव्हता मिळाला. पेटीतले सहा लावून बघितले, सातवा बसला. मग त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि त्यात स्वतःचं नाव शोधलं. आडनाव चुकीचं लिहिलं होतं. ते दुरुस्त करून घेतलं.

वही तिथेच ठेवून आलोय. मला पाणी देणारी ती मुलगी आता ती लिहिते. तिने पहिल्याच दिवशी एक रकाना वाढवला, "परत विचारलं का". दुसरा पेन मागत होती, माझा दिला.

उंबरठाताई, शौचालयांपाशी दोन दिवे लागले. कड्या बसवल्या. एका कडीला स्क्रू कमी पडला, तिथे सध्या सुतळी आहे.

तुरटीकाका, पाण्याचं. पाणीवाल्यांनी मला आनंदाने घेतलं, चार दिवस सकाळ-संध्याकाळ सहा नळांच्या नोंदी केल्या. पाच नळ ०.३ ते ०.५ मध्ये. टोकाचा सहावा, टेकाडाच्या बाजूचा, आठपैकी सात वेळा ०.१ किंवा त्याखाली. मात्रा तीच, टाकी वेगळी. पाणीवाले म्हणाले क्लोरीन वाढवतो, मी म्हटलं विचारून सांगतो. या वेळी कोणाला विचारायचं ते माहीत आहे. मुलीला संध्याकाळी पाचला फोन करायचं कबूल केलंय.

तुरटी

क्लोरीन वाढवू नका अजून. त्या टाकीच्या तळाला गाळ असणार, तोच खातोय. झाकण उघडून आत बॅटरी मारायला सांगा. साका दिसला तर टाकी रिकामी करून, घासून, मग भरायची, आणि तोवर त्या बाजूच्या लोकांना दुसऱ्या नळाचं पाणी. फोटो काढून मला पाठवायला सांगा.

टाकीचा. माणसांचा नको.